तीन लिप्यांच्या उंबरठ्यावर : पायाभूत टप्प्यातील वाचन-लेखनाचा विचार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शालेय शिक्षणाची मांडणी ५+३+३+४ अशी केली. वयाची ३ ते ८ ही पाच वर्षे, म्हणजे बालवाडीची तीन आणि पहिली-दुसरीची दोन, एका सलग टप्प्यात आणली आणि त्याला 'पायाभूत टप्पा' असे नाव दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये या टप्प्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही प्रसिद्ध झाला. त्यावर परिसंवाद झाले, शिक्षकांची प्रशिक्षणे झाली, पुस्तिका निघाल्या. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने लहान आहे. घरात दखनी किंवा उर्दू, शाळा मराठी, उर्दू, कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची आणि सकाळी वा संध्याकाळी मकतबात अरबी कायदा (येथे कायदा म्हणजे अक्षरओळखीची पहिली पुस्तिका) अशा दिनक्रमात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला सहा-सात वर्षांच्या आतच तीन लिप्या येतात. बेळगाव, निपाणी, हुबळी या भागांत तर चौथीही येते. हे ओझे ठरते की भांडवल, हे लिप्यांच्या संख्येपेक्षा त्या कोणत्या क्रमाने आणि कोणत्या पद्धतीने दिल्या जातात यावर अवलंबून आहे. तो क्रम आणि ती पद्धत आज बहुतेक ठिकाणी कोणी ठरवलेली नाही. शाळा आपले शिकवते, मकतब आपले शिकवतो आणि त्यांची गाठ मुलाच्या डोक्यात पडते.

धोरण आणि कायदा

धोरणाचे म्हणणे असे की शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि त्याहून चांगले म्हणजे आठवीपर्यंत, शिक्षणाचे माध्यम मुलाची घरची भाषा किंवा मातृभाषा असावी. हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बुनियादी तालीमची जी योजना आखली, तीतही मातृभाषेतून शिक्षण हा मुख्य आधार होता. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आला. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात यासाठी प्रत्येक राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने प्रयत्न करावा, असे तो सांगतो. बेळगावातील मराठी शाळा, निपाणीतील उर्दू शाळा आणि हैदराबाद-इंदूरमधील मराठी शाळा या सर्वांना लागू पडणारी ही एकच तरतूद आहे.

मात्र येथे एक विसंगती आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ या वयोगटाचा आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी घटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर, राज्याने 'प्रयत्न करावा' एवढीच भाषा आहे. ज्या वयावर धोरणाचा सर्वाधिक भर, त्याच वयाला हक्काचे संरक्षण सर्वांत कमी. परिणामी तीन ते सहा वर्षांचे मूल एक तर अंगणवाडीत जाते किंवा मोहल्ल्यातील खासगी नर्सरीत. अंगणवाडीत अक्षरांची घाई सहसा होत नाही, पण तेथे पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या यांतून शिक्षणाला वेळ किती उरतो हा प्रश्न असतो. नर्सरीत वेळ असतो. तो बहुधा चार रेघी वहीत जातो.

या घाईला एका आकड्यानेही हातभार लावला आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, हे धोरणातील वाक्य पालकसभांतून सारखे ऐकू येते. त्याचा अर्थ ८५ टक्के अभ्यासही तोपर्यंत उरकावा असा घेतला जातो. वास्तविक या वयातील मेंदूला लागते ते भरपूर बोलणे, हात चालवणे, धावणे, पाहणे, पुरेसे खाणे आणि झोप. लवकर अक्षर गिरवण्याने त्या वाढीत भर पडते असे तो आकडा कोठेही सांगत नाही.

बालशिक्षणाची आपली वाट

मराठी प्रदेशाला या बाबतीत उसने काही आणण्याची गरज नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्यासोबत काम करून आल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभे केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असे ताराबाईंनी ठरवले. 'अंगणवाडी' हा शब्द त्या प्रयोगातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो देशभर पोहोचला.

ताराबाईंचे मोठेपण असे की माँटेसोरींची पद्धत त्यांनी घेतली, पण महाग साधने घेतली नाहीत. शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांवर त्यांनी मुलांना मोजायला, लावायला, वेगळे करायला शिकवले. आपल्या घरांतही अशी साधने कमी नाहीत. डाळीतून खडे वेचणे, बांगड्या रंगाप्रमाणे लावणे, शेवया वळताना बोटांची हालचाल, चिंचोके आणि सागरगोटे मोजणे, दस्तरखान अंथरताना माणशी एक ताट ठेवणे. शेवटचे उदाहरण तर एकास-एक संगतीचा धडाच आहे, आणि संख्याज्ञानाची सुरुवात तेथूनच होते. मुलाच्या परिसरातील वस्तू शाळेने अशा रीतीने उचलल्या. मुलाच्या घरची बोली उचलण्याच्या वेळी मात्र शाळा अडखळते.

माध्यम उर्दू म्हणजे मातृभाषा उर्दू?

मुसलमान कुटुंबाची मातृभाषा उर्दू, असे आपण कागदोपत्री सहज लिहितो. कोकणातील अनेक मुसलमान कुटुंबे घरात कोकणी बोली बोलतात. गोव्यात काही घरी कोकणी, काही घरी उर्दूची स्थानिक बोली चालते. बेळगाव-विजापूर-गुलबर्गा पट्ट्यात आणि हैदराबादेत दखनी आहे. दखनीत बहुवचन 'किताबाँ', 'बाताँ' असे होते. 'मुझे पानी चाहिए' ऐवजी 'मेरेकू पानी होना' म्हणतात. नकारासाठी 'नक्को' आहे आणि जोर देण्यासाठी 'वोइच' म्हणतात. हा 'नक्को' आणि हा 'च' मराठीतून दखनीत गेला, हे भाषा-अभ्यासकांचे मत सर्वमान्य आहे. दखनी बोलणारे मूल मराठीला परके नाही; निम्मे दार उघडेच आहे.

पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हेच मूल उर्दू माध्यमात गेले म्हणजे ते मातृभाषेतून शिकू लागले, असे म्हणता येत नाही. पाठ्यपुस्तकातील प्रमाण उर्दू आणि घरची दखनी यांत अंतर आहे. शिक्षक पहिल्याच आठवड्यात 'होना नहीं, चाहिए बोलो' असे सुधारू लागले की काही मुले सुधारतात आणि बरीचशी बोलणेच थांबवतात. मराठी प्रमाणभाषा आणि मुलाची बोली यांतही हेच घडते, हे मराठी शाळांतील शिक्षक जाणतात. माध्यमाची निवड योग्य झाली म्हणून घरच्या बोलीचा प्रश्न सुटत नाही. तो वर्गाच्या आत येऊन बसतो.

यावर एक साधा आणि कोठल्याही शाळेला परवडणारा उपाय आहे. पहिलीच्या वर्गात सकाळी मुलांना काही सांगायला लावावे आणि मूल जे बोलले ते त्याच्या शब्दांत फळ्यावर लिहावे. 'मेरी अम्मा बजार को गई' असे मूल म्हणाले, तर मराठी शाळेतील शिक्षकाने ते देवनागरीत तसेच लिहावे. लिपी आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवनागरीत दखनी लिहिता येते. मग त्याच्याखाली 'माझी आई बाजारात गेली' हे वाक्य लिहावे आणि दोन्ही वाचावीत. आपण बोललेले फळ्यावर उमटते आणि पुन्हा वाचता येते हा अनुभव मुलाला एकदा आला की वाचन म्हणजे काय ते त्याला कळते. शिवाय 'बजार' आणि 'बाजारात' यांतील 'त' काय करतो, हे व्याकरण न शिकवता दिसते. उर्दू शाळेत हेच उर्दू लिपीत करावे, दखनी वाक्य वर, प्रमाण उर्दू खाली. बोलीला चूक म्हणू नये; 'घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' एवढे पुरे.

हात तयार होण्याआधी

तीन वर्षांच्या मुलाच्या हाताचा क्ष-किरण फोटो पाहिला तर मनगटातील आठ हाडांपैकी दोन-तीनच हाडे बनलेली दिसतात; बाकीची अजून कूर्चेच्या स्वरूपात असतात. ती एकेक करून पुढील कित्येक वर्षांत तयार होतात. पेन्सिल तीन बोटांत धरून ओळीत अक्षर बसवणे हे काम या हाताचे नाही. कणीक मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे व चिकटवणे, रांगोळीचे ठिपके जोडणे, वाळूत बोटाने रेघ ओढणे हीच या वयाची लेखनपूर्व तयारी आहे. माँटेसोरींची खरखरीत कागदाची अक्षरे याचसाठी होती: डोळा, बोट आणि आवाज एकाच वेळी एका अक्षरावर यावेत. ती घरी घासकागदातून कापता येतात.

आणखी एक. पाच-सहा वर्षांची मुले अक्षरे उलटी, आरशात दिसतात तशी काढतात. एकच लिपी शिकणारी मुलेही काढतात आणि सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांचे ते आपोआप जाते. उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून, म्हणून मूल गोंधळले, असे निदान करून एक लिपी बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो घाईचा आहे. वहीच्या पानावर सुरुवातीच्या कडेला एक रंगीत ठिपका द्यावा, देवनागरीसाठी डावीकडे, उर्दूसाठी उजवीकडे. बहुतेक मुलांना एवढी खूण पुरते.

तीन लिप्या, तीन प्रकारच्या अडचणी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. देवनागरी, उर्दू आणि मकतबातील अरबी या लिप्या वाचताना मूल वेगवेगळ्या जागी अडते आणि हे शिक्षकाला माहीत नसेल तर तो चुकीच्या जागी उपाय करतो.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे, पण चिन्हे पुष्कळ आहेत आणि ती अक्षराच्या चारी बाजूंना बसतात: के, कु, की, कि. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो. 'र' तर चार वेषांत येतो: पर्वत, चक्र, राष्ट्र, सुऱ्या. कन्नडसारख्या अक्षरलिपीचा संपूर्ण अक्षरसंच हस्तगत व्हायला मुलांना प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात, असे डॉ. सोनाली नाग यांच्या अभ्यासातून पुढे आले आहे; देवनागरीची रचनाही त्याच कुळातील आहे. आपण मात्र आधी सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी, मग जोडाक्षरे या क्रमाने जातो आणि मूल पहिला अर्थपूर्ण शब्द महिनोन्‌महिने वाचत नाही. त्याऐवजी क, म, न, ल ही चार अक्षरे आणि फक्त काना घेतला तर पहिल्याच पंधरवड्यात काम, नाक, कान, मका, माल, लाल, मामा, काका, नाना, कमान, कमाल इतके शब्द वाचता येतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरगटांच्या अशाच पद्धतीने मराठी वाचन शिकवून दाखवले. 'लाल', 'मामा', 'नाना', 'कमान', 'कमाल' हे शब्द दखनी घरातही आहेत, हे येथे सहज लक्षात यावे.

उर्दूची अडचण वेगळी आहे. अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी आकार बदलते. अलिफ, दाल, रे, वाव यांसारखी थोडी अक्षरे मात्र पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. म्हणून दादा, दवा, दूर असे शब्द आधी घेतले तर मुलाला अक्षरे अखंड रूपात दिसतात. वर्णमाला अलिफपासून ये पर्यंत पाठ करून घेण्यापेक्षा ही सुरुवात हलकी आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. 'इस' आणि 'उस' ही दोन रोजची रूपे जेर-पेश न देता लिहिली तर सारखीच दिसतात. कोणते वाचायचे ते वाक्याच्या अर्थावरून ठरते. म्हणजे उर्दू वाचायला उर्दू आधी यावी लागते. ज्या मुलाचा तोंडी शब्दसंग्रह तोकडा, ते उर्दूत जागच्या जागी थांबते आणि शिक्षक म्हणतात, 'अक्षरे कच्ची आहेत.' अक्षरे पक्की असतात. शब्द ऐकलेला नसतो.

मराठीत नेमके उलटे घडते. देवनागरीतला न समजलेला शब्दही मूल खडखडीत वाचू शकते. दखनी घरातील मुलगी 'शेतकऱ्याने नांगरणी आटोपली' हे वाक्य एका दमात वाचेल आणि नांगरणी म्हणजे काय हे तिला ठाऊक नसेल. शिक्षक तिला 'वाचन येते' या रकान्यात टाकतात आणि तिसरी-चौथीत परिसर अभ्यासाचे पुस्तक हाती आले की ती मागे पडते. मग कारण शोधले जाते घरच्या परिस्थितीत.

थोडक्यात, उर्दू न समजणे उघडे पाडते, देवनागरी ते झाकते.

मकतबातील वाचनाचा विचारही याच दृष्टीने करावा. कुरआनचा पाठ पूर्ण जेर-जबर-पेशसह छापलेला असतो, त्यामुळे अर्थ न समजताही अचूक वाचता येतो. तेथे त्या वयात अपेक्षाही तीच आहे: तिलावत शुद्ध व्हावी. या शिक्षणाचा वाचनाला मोठा फायदा आहे आणि तो शाळा सहसा मोजत नाही. उस्ताद मखरजवर, म्हणजे उच्चार तोंडात कोठून निघतो यावर, भर देतात. सीन आणि साद यांतील फरक कानाने ओळखणारे सहा वर्षांचे मूल ध्वनींच्या बाबतीत चांगलेच सजग असते, आणि सुरुवातीच्या वाचनाला ध्वनींची ही सजगता सर्वाधिक उपयोगी पडते. पण दोन ठिकाणी सांधा निसटतो. एक म्हणजे से, सीन, साद हे अरबीत तीन वेगळे उच्चार, उर्दूत तिन्ही 'स'च. मकतबात ज्यासाठी टोकले गेले, त्याच फरकाकडे शाळेत दुर्लक्ष होते, आणि हे असे का, ते मुलाला कोणी सांगत नाही. शिवाय पे, टे, चे, गाफ ही अक्षरे अरबीत नाहीतच. कायदा संपवून आलेल्या मुलालाही ती नवी असतात. दुसरे म्हणजे, न समजता भरभर वाचणे म्हणजेच वाचणे, ही सवय मूल मराठीच्या पुस्तकावर नेते, आणि देवनागरी ती सवय खपवून घेते. उपाय अवघड नाही. मराठीचा उतारा वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला सांगावे आणि 'काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग' म्हणावे. मूल दखनीत सांगेल, तर दखनीत ऐकावे. समजले आहे की नाही हे पाहायचे असेल तर उत्तराची भाषा मुलावर सोडावी लागते.

शाळेच्या शिक्षकांनी आणि मकतबच्या मुअल्लिमांनी वर्षातून दोन वेळा एकत्र बसून कोणत्या महिन्यात काय चालू आहे एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होईल. जून-जुलैत शाळेत देवनागरीचा पहिला अक्षरगट आणि मकतबात नवा कायदा एकदम सुरू करण्याऐवजी एकाने दोन महिने केवळ तोंडी पाठ घ्यावेत. मकतबात तोंडी शिकवण्याची परंपरा आहेच.

पंचवीस, पच्चीस, इप्पत्तैदु

गणितातही हाच प्रश्न संख्यांच्या नावांतून उभा राहतो. मराठीत २५ लिहिताना दोन आधी आणि पाच नंतर, बोलताना मात्र 'पंच' आधी आणि 'वीस' नंतर. उर्दूतील 'पच्चीस' ही त्याच वळणाची. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आणि पाच, लिहिण्याच्याच क्रमाने. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली होती. दक्षिणेकडील भाषांत संख्या अशाच वाचतात हा त्यांचा एक मुद्दा होता. विनोद पुष्कळ झाले, पण सीमाभागातील शिक्षकाला त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्याच्या वर्गातील मूल दोन्ही प्रकार रोज बाजारात ऐकते.

एकोणचाळीस, उनतालीस, म्हणजे चाळिसाला एक कमी, येथवर मराठी आणि उर्दू बरोबर चालतात. ८९ ला मात्र त्यांची फारकत होते: मराठीत एकोणनव्वद, उर्दूत नवासी, म्हणजे ऐंशी आणि नऊ. ९९ ला पुन्हा दोघी एका वाटेवर, नव्याण्णव आणि निन्यानवे, आणि दोन्हींत 'एकोण' नाही. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण त्याच ओळीतील संख्या डावीकडून उजवीकडे. पहिलीच्या मुलाकडून ९९ पर्यंतच्या संख्यांची अपेक्षा असते. नावे पाठ होण्याआधी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हाताळायला मिळाल्या तर नाव कोणत्याही भाषेत आले तरी 'दोन गठ्ठे, पाच सुट्या' हे चित्र डोळ्यांसमोर राहते.

मोजमापाविषयी

५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने निपुण भारत अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट. पहिलीच्या मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची अपरिचित वाक्ये वाचावीत. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०. उद्दिष्ट योग्य आहे. पण 'शब्द' या एककाकडे जरा बारकाईने पाहावे. मराठीत 'घरासमोरच्या' हा एक शब्द आहे. उर्दूत 'घर के सामने के' हे चार. मराठीत विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात, उर्दूत ती सुटी लिहितात. तेव्हा एकाच वेगाचे वाचन करणारे मूल उर्दूत पुढे आणि मराठीत मागे दिसू शकते. दोन माध्यमांच्या शाळांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. घड्याळ लावून मोजताना अर्थाचे प्रश्न वेळेअभावी गळतात, आणि देवनागरी वाचणाऱ्या दखनी मुलाबाबत नेमके तेच महत्त्वाचे असतात.

शेवटी एक कागदी बाब, जिच्यापासून एखादी संस्था पुढील जूनमध्येच सुरुवात करू शकेल. प्रवेशअर्जावर 'मातृभाषा' असा एकच रकाना असतो आणि त्यात पालक 'उर्दू' किंवा 'मराठी' लिहितात, बहुतेक वेळा शाळेचे माध्यम पाहून. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: आई मुलाशी कोणत्या बोलीत बोलते, मूल गल्लीत कोणत्या भाषेत खेळते, आणि मकतबात जात असल्यास कायद्याच्या कोणत्या पाठावर आहे. ही उत्तरे कार्यालयाच्या फायलीत न ठेवता पहिलीच्या शिक्षकाच्या हाती, मुलांच्या नावांसह, शाळा सुरू होण्यापूर्वी द्यावीत. चाळीस मुलांच्या वर्गात ती एका पानावर मावतात.